कुंदाने सोडलेलं वाक्य

शनिवार, ७ तारीख, दुपारी ४ वाजून ४० मिनिटं.
एका मेलेल्या बाईला बोलायला लावलं गेलं.

हो, असंच लिहिणार आहे. ज्यांना टोचेल त्यांनी पुढे वाचू नये.

त्या दिवशी कुंदाला जाऊन वर्ष झालं होतं. सिंगापूरच्या वुडलँड्समधली माझी शेजारीण, वीस वर्षांपासूनची मैत्रीण.

इतकी बुजरी, की हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर, तिची कॉफीसुद्धा मीच मागायची.
"तूच सांग गं माधुरी, तुझं इंग्लिश कॉन्व्हेंटचं आहे."
"अगं, इथल्या लोकांसारखं 'कोपी' म्हणायला कॉन्व्हेंट कशाला लागतं?"
ती हसायची आणि माझ्या मागे उभी राहायची.

आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपचा महिन्यातून एक सिनेमा असतो, कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये. भारतातून मुलांकडे आलेल्या आजी-आजोबांचं इंग्रजी सबटायटल वाचून होईपर्यंत पुढचं चित्र येतं. म्हणून एकजण माइकवर मराठीत सांगत जातं.
ते काम माझं होतं. एकदा ऐन वेळी माझा घसा बसला आणि मी माइक कुंदाच्या हातात कोंबला.

सिनेमा जपानी होता. बंदराच्या गावातली सोळा वर्षांची मुलगी. हजेरीला तिचा आवाजच फुटत नाही, नुसता हात वर. वर्ग हसतो. मग सिनेमाभर ती थोडी थोडी धीट होत जाते.
शेवटी हजेरीत तिचं नाव येतं. ती उभी राहते. खूप वेळ काहीच नाही. आणि मग पहिल्यांदाच मोठ्याने उत्तर देते.
खाली सबटायटल: आय ॲम हिअर.

पहिली पाच मिनिटं कुंदाच्या माइकमधून फक्त श्वास ऐकू आला. मग शब्द. मग वाक्यं. मध्यंतरापर्यंत खोलीत कोणी खोकतही नव्हतं.
आणि त्या शेवटच्या वाक्याला ती गप्प बसली.

ग्रुपचा ॲडमिन निखिल म्हणाला, "काकू, मेन डायलॉगच राहिला की!"
"राहिला नाही. सोडलाय."
"म्हणजे?"
"एवढं थांबून थांबून ती पोरगी बोलली. तिच्यावर मी बोलू? नाही बोलणार."

कुंदाला कोणाला नाही म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वय वर्षं सहासष्ट.

त्या दिवसापासून माइक तिचा. कॉफीही तीच मागवू लागली. काउंटरवरच्या अंकलला ऐकू गेलं नाही तर पुन्हा, आणखी मोठ्याने.
तोच सिनेमा लोकांनी नंतर दोनदा लावायला लावला. दोन्ही वेळा ती त्या जागी गप्प.

मागच्या महिन्यात निखिलने विचारलं, "काकू, वर्षश्राद्धाच्या निमित्ताने तोच सिनेमा लावू. कुंदाकाकूंच्या काही ऑडिओ क्लिप्स आहेत का तुमच्याकडे?"
होत्या. मी दिल्या.
मीच दिल्या. हेही इथे लिहून ठेवते.

शनिवारी पडदे ओढले, दिवे गेले. आणि कुंदा बोलू लागली.

मला वाटलं, जुनं रेकॉर्डिंग आहे. पण ही कुंदा कुठे अडखळत नव्हती. वाक्यापूर्वी श्वास घेत नव्हती. आवाज तिचा, अगदी तिचाच. फक्त आत माणूस नव्हतं.
मी मागे वळून पाहिलं. तिची खुर्ची रिकामी. खुर्चीवर माइक, माइकचा लाल दिवा चालू.

पडद्यावर हजेरी सुरू झाली. मुलीचं नाव आलं. ती उभी राहिली.
मी मनात म्हटलं, इथे नाही. इथे ती बोलत नाही.

स्पीकरमधून कुंदा म्हणाली, "मी इथे आहे."

पहिल्या रांगेत तिचे यजमान बसले होते, दिनकरराव, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ते उठले. शांतपणे छत्री घेतली आणि स्पीकरला म्हणाले, "मग चल ना घरी."

टाळ्या वाजवणाऱ्यांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

बाहेर निखिलला धरलं.
"काकू, ट्रिब्यूट होता हो! सबटायटल्स टाकली, क्लिप्स टाकल्या, एआयने केलं सगळं. लोक रडले!"
"लोक कांदा चिरतानाही रडतात."
"दिनकरकाकांना विचारून केलंय. त्यांना इतकं आवडलं, की त्यांच्या फोनवरही तो आवाज टाकून दिलाय, गप्पा मारतो त्यांच्याशी."

सोमवारी मी दिनकररावांकडे गेले. टेबलावर दोन कप. एकावर साय धरलेली. फोन तांब्याला टेकवून उभा केलेला.
मी बसले तशी फोनमधून कुंदा म्हणाली, "अहो, कोण आलंय?"
मी खुर्ची फिरवून दिनकररावांकडे तोंड केलं.

"दिनकरराव, ही ती नाही हो."
"माहीत आहे मला, माधुरीताई. मी काय वेडा आहे?" ते हसले. "पण ही किती छान ऐकते. कशालाच नाही म्हणत नाही."

मी जिना उतरून खाली आले आणि बाकावर बसून राहिले.

दिनकररावांच्या फोनला मी हात लावणार नाही. त्यांचं दुःख, त्यांचं घर. त्यांच्याकडे मी रोज चहाला जाणार आहे, त्यांनी हाकलेपर्यंत.

पण ग्रुपवर काल पोस्टर आलं. शनिवार, २१ तारीख. महिन्याचा नेहमीचा, नवा सिनेमा, 'आपल्या लाडक्या कुंदाकाकूंच्याच आवाजात'. जो सिनेमा तिने पाहिलाच नाही, त्याची वाक्यं तिच्या तोंडी.
तिला नको असतील तीसुद्धा.

निखिल, तू वाईट मुलगा नाहीस. पण एका बाईला नाही म्हणायला सहासष्ट वर्षं लागली आणि तू ते एका दुपारी पुसलंस.

तुआसच्या शिपयार्डमध्ये मी तीस वर्षं ऑफिसचा पत्रव्यवहार सांभाळला. फोनवरचं "हो काकू, बघतो" मला चालत नाही.
तो आवाज ग्रुपच्या कोणत्याही कार्यक्रमात वापरणार नाही, मी दिलेल्या क्लिप्स पुसल्या आहेत आणि २१ तारखेला माइकवर जिवंत माणूस असेल, हे तिन्ही मला लेखी हवं. खाली सही आणि तारीख.

कुंदा, तू गेलीस. मला ते मान्य आहे. शांतपणे जा, बाई. तुला माझा नमस्कार.

निखिल, शुक्रवार, २० तारीख, संध्याकाळी पाचच्या आत. लेखी.