निळा चौकोन किती उभा असतो?

सात महिन्यांत ईरानं पहिल्यांदाच स्वतःहून काहीतरी मागितलं, म्हणून आम्ही टाहो तळ्याजवळच्या बर्फाच्या डोंगरांत निघालो.

ईरा माझी मुलगी, तेरा वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची, मंदारची, नोकरी बदलली आणि आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं घर आवरून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलो. तेव्हा मी ईराला सांगितलं होतं, दोन आठवड्यांत मैत्रिणी होतील, काही नाही होत. आता फेब्रुवारी आला, तरी ती दुपारचा डबा शाळेच्या लायब्ररीत एकटी खाते. हे तिनं मला सांगितलेलं नाही. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. मग एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आई, कॅन वी गो स्कीइंग? लाइक बिफोर?" मी फडकं खाली ठेवायच्या आत हो म्हटलं.

'बिफोर' म्हणजे नेपरव्हिलला असतानाचे दोन हिवाळे. तिथून गाडीनं दोन तासांवर, विस्कॉन्सिनच्या हद्दीत एक स्कीची टेकडी होती. टेकडी म्हणायलाही जरा संकोच वाटावा अशी. तिथेच ईरा शिकली आणि तिच्याबरोबर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मीही. ज्यांनी कधी स्की केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रत्येक उताराच्या तोंडाशी पाटी असते. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. त्या टेकडीवरचे सगळे निळे उतार ईरानं केले होते आणि शेवटच्या हिवाळ्यात एक काळासुद्धा. त्यामुळे माझ्या डोक्यात हिशेब पक्का होता. निळा आपल्याला येतो.

मंदारला त्या शनिवार-रविवारी ऑफिसची ड्यूटी होती, शिवाय त्याला बर्फात मजा काय असते हे अजून कळलेलं नाही. म्हणून सोबत आल्या नलूमावशी. माझ्या आईची नागपूरची मैत्रीण, सॅक्रामेंटोला राहतात, निवृत्त भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं स्की करताहेत. गुडघा बदलल्यापासून फक्त हिरव्या उतारांवर, तेही जेवणाच्या वेळेपर्यंतच.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. पहाटे साडेपाचला निघालो. बे एरियातून जाणाऱ्यांना माझा सल्ला: सहाच्या आत ६८० नंबरचा हायवे ओलांडा, नाहीतर सॅक्रामेंटोपर्यंतच दमून जाल. स्की, काठ्या, बूट आणि हेल्मेट आम्ही आदल्या दिवशी फ्रीमाँटमध्येच भाड्यानं घेतले. वर डोंगरावर तेच बरंच महाग पडतं आणि रांगेत सकाळ जाते. उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या लिफ्टचं, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचं, तिकीटही आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त मिळतं. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं, थर्मासमध्ये चहा.

मावशींना घेऊन ८० नंबरच्या रस्त्याला लागलो. ऑबर्न गाव गेल्यावर कडेला बर्फाचे ढीग दिसू लागले आणि थोड्याच वेळात गाड्या थांबवून चाकांच्या साखळ्या तपासणारी माणसं. फोर-व्हील ड्राइव्ह आणि बर्फाचे टायर असतील तर बहुतेक वेळा साखळ्या लावाव्या लागत नाहीत, पण गाडीत असाव्या लागतात. आमच्या होत्या. तरी घाटात मागून ट्रक आला की माझे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे. मागून ईरा विचारायची, "आर वी स्लिपिंग?" आणि मी म्हणायची, "नाही गं, काही नाही होत."

तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर मावशी माझ्याकडे वळल्या. ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाला त्या कधी 'दुखणार नाही' असं म्हणाल्या नाहीत, असं त्यांनी सांगितलं. सुई टोचेल, दहा सेकंद जळजळेल, मग काही कळणार नाही, एवढंच सांगायच्या. "दुखणार नाही म्हटलं आणि दुखलं, तर पुढचं तो माणूस काहीच ऐकत नाही," त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्या आपल्या जुन्या दिवसांबद्दल बोलतायत.

ट्रकी गावातल्या मोटेलमध्ये उतरलो. खोली साधी, पण हीटर चांगला आणि चहासाठी केटल होती. संध्याकाळी मावशींनी नकाशा पलंगावर पसरला आणि मला एक गोष्ट बजावली, जी मी ऐकली आणि सोडून दिली. पाटीवरचा रंग देशभर एकच नसतो. प्रत्येक डोंगर आपल्याच उतारांची आपसांत तुलना करून रंग ठरवतो. विस्कॉन्सिनच्या टेकडीचा काळा इथे निळा ठरू शकतो. शिवाय रंग हा अख्ख्या उताराचा अंदाज असतो, मधला एखादा तुकडा फार उभा असला तरी पाटी बदलत नाही.

"मग कळणार कसं?" मी विचारलं.

"डोळ्यांनी तर नाहीच. डोळे घाबरट असतात. वरून बघितलं की वीस अंशांचे चाळीस करतात."

शनिवारी सकाळी डोंगराच्या पार्किंगच्या कडेला बर्फाचा ढीग होता. तिथे त्यांनी माझ्या हातातल्या दोन्ही काठ्या घेऊन दाखवलं. एक काठी उतारावर सरळ उभी रोवायची. दुसरी तिला काटकोनात आडवी, टोक वरच्या बाजूच्या बर्फाला टेकलेलं. आडवी काठी उभीच्या अगदी डोक्याशी आली तर उतार पंचेचाळीस अंशांचा. मध्यावर आली तर सत्तावीसच्या आसपास. त्याखाली आली तर त्याहून कमी. काळ्या उतारांची सुरुवात साधारण बावीस-तेवीस अंशांना होते, हेही त्यांनी सांगितलं. ईरा लक्ष देऊन बघत होती. मी लिफ्टची रांग बघत होते.

(डोंगराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक डोंगराची नव्हती.)

सकाळ सुंदर गेली. ऊन, नुकताच पिंजलेला बर्फ, रुंद हिरवे उतार. मावशी या वयातही अशा अलगद वळायच्या की मागे फक्त एक रेघ उरायची. ईरा दोनदा हसली. मी मोजलं, कारण मोजण्याइतकंच होतं. दुपारी मावशी गुडघा घेऊन खालच्या कॅफेत बसल्या आणि मी ईराला म्हटलं, चल, एक निळा करू.

वर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. ढग आले होते. पाटीवर निळा चौकोन, पण पलीकडे उतार दिसतच नव्हता. थोडंसं सपाट, मग एक कड, आणि कडेपलीकडे एकदम लांबच्या झाडांचे शेंडे. ईरा थांबली.

"आय कान्ट सी इट," ती म्हणाली. मागे वळून तिनं लिफ्टकडे बघितलं. तिथला माणूस विनंती केली की लिफ्टनंच परत खाली पाठवतो, हे आम्हाला माहीत होतं.

तिला जायचं नव्हतं. मला दिसत होतं. पण ती पुन्हा हसेल, धीट होईल, सोमवारी शाळेत काहीतरी सांगायला असेल, असं काय काय माझ्या मनात होतं. मी म्हटलं, "अगं, तू काळा केलायस. हा तर निळाच आहे. काही नाही होत."

कड ओलांडल्यावर पहिली तीन वळणं झाली आणि खालची जमीन गेली. दुसरे शब्द मला सुचत नाहीत. ढगांमुळे उजेड असा पसरट होता की बर्फावर सावली नव्हती. खड्डा कुठे, उंचवटा कुठे, काही कळत नव्हतं. पायाखालचा बर्फ टणक झालेला. स्कीच्या कडा घासल्या की करकर आवाज यायचा. ईरा उताराला आडवी थांबली ती थांबलीच. मी तिच्या खाली चार हातांवर जाऊन उभी राहिले.

दोन माणसं शेजारून सरसर निघून गेली. त्यांना हाक मारावी असं वाटेपर्यंत ती नव्हतीच. फोन काढला तर थंडीनं बॅटरी मेलेली. चारला लिफ्ट बंद होणार होत्या आणि गारठा वाढत होता. दर मिनिटाला बर्फ आणखी घट्ट होत जाणार होता.

"ईरा, एक वळण घे. माझ्यापर्यंत ये."

"नो."

"अगं, दिसतो तेवढा उभा नाहीये. वीस अंशसुद्धा नसेल."

"यू डोन्ट नो दॅट." तिचा आवाज वर गेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "तू नेहमी असं म्हणतेस. यू सेड टू वीक्स, आई."

गॉगलमुळे तिचे डोळे दिसत नव्हते, हनुवटी दिसत होती. मला कळलं की आता मी काहीही म्हटलं, डावं वळ, उजवं वळ, तरी ती ऐकणार नाही. आणि का ऐकावं? सात महिने मी तिला प्रत्येक गोष्टीची एकच मोजणी दिली होती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही. मी अंदाजानं बोलले. मलापण भीती वाटतेय."

वारा आला आणि गेला. मग तिनं हातानं माझ्या काठ्या दाखवल्या.

"मेजर इट."

उतारावर स्की घालून हे करणं पार्किंगमधल्यासारखं नसतं, हे कुणी करून बघणार असेल तर आधीच सांगते. मी एक एक पाऊल आडवं चढत तिच्या पातळीला आले. एक काठी रोवली, दुसरी आडवी धरली, पण आडवं म्हणजे नक्की काय हे त्या तिरप्या जगात कळेना. ईराच म्हणाली की माझ्या मागे झाडांच्या फटीत तळ्याचा पलीकडचा काठ दिसतोय, त्या रेघेला धरू.

"डावी बाजू खाली घे. खाली. आई, दॅट्स अप."

"हीच खाली आहे."

"तुझी खाली वेगळी आहे. थांब. आता टोक हललं."

"टोक मी नाही हलवलं, वाऱ्यानं हललं."

"ब्लेम द विंड," ती म्हणाली. त्या परिस्थितीतही मला तो टोमणा गोड लागला.

शेवटी जमलं. आडवी काठी उभीच्या मध्याच्या दोन बोटं खाली आली. दोघींनी आळीपाळीनं बघितलं. म्हणजे चोवीस, फार तर पंचवीस. मी सांगितलं होतं त्याहून जास्त. माझा शब्द खोटाच होता, आता काठीनं सिद्धच केलं.

"मला वाटलं साठ आहे," ईरा हळूच म्हणाली.

"मला पन्नास."

"सो इट्स लाइक अ ब्लॅक."

"बऱ्याच ठिकाणी काळाच धरतील. तू उगाच घाबरली नव्हतीस. मी तुला इथे आणायला नको होतं."

तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडे. "आपण वळायचं नाही. साइड-स्लिप करू. आणि तू माझ्या खाली उभी राहू नकोस, मी तुझ्यावर आदळेन. बाजूला राहा."

साइड-स्लिप म्हणजे स्की उताराला आडव्या ठेवून कडा किंचित सैल करायच्या, की माणूस आडवाच खाली घसरतो. कडा दाबल्या की थांबतो. दिसायला अगदी बेंगरूळ. आम्ही तसं घसरलो. एक मीटर, थांब. दोन मीटर, थांब. एकदा माझी कड सुटली आणि मी कमरेवर आपटून बरीच खाली गेले. वरून ईरा ओरडली, "आर यू ओके?" तोंडात आलं होतं ते गिळून मी म्हटलं, "कंबर दुखतेय. पण उठता येतंय." ती "ओके" म्हणाली आणि स्वतःहून आणखी दोन मीटर घसरली.

वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. मग उतार मऊ होत गेला, झाडं जवळ आली आणि ईरानं काही न सांगता एक वळण घेतलं.

कॅफेबाहेर नलूमावशी उभ्या होत्या, थर्मास छातीशी धरून.

"काय करून राहिल्या होत्या तुम्ही दोघी? मी आता डोंगरावरच्या गस्तवाल्यांना सांगणारच होते."

"मोजत होतो," ईरा म्हणाली. "ट्वेंटी-फोर."

मावशींनी वर त्या उताराकडे बघितलं. "पंचवीस धर," त्या म्हणाल्या आणि झाकणात चहा ओतून आधी तिला दिला. मग मला बोलणी बसली, ती इथे सगळी लिहीत नाही. एवढंच लिहिते की अडकलात तर स्की काढून वरच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या रोवून ठेवा, गस्तीवरचे लोक ती खूण बघून थांबतात. हे मला माहीत असायला हवं होतं.

रविवारी फक्त हिरवे उतार केले आणि दुपारी परत फिरलो. मावशींना सॅक्रामेंटोला सोडलं. उतरताना त्यांनी उरलेल्या पुऱ्या हक्कानं ठेवून घेतल्या. फ्रीमाँटला पोचलो तेव्हा माझी कंबर काळीनिळी होती आणि मंदार विचारत होता की कसं झालं. मी 'मस्त' म्हणणार होते. ईरानं माझ्याकडे बघितलं. मग मी सगळं सांगितलं.

लोक विचारतात, जावं का, किती दिवस, किती खर्च. जावं. दोन रात्री पुरतात. डोंगर नवा असेल तर पहिल्या दिवशी एक रंग खालचा निवडा आणि बरोबरचं माणूस लिफ्टकडे वळून बघत असेल तर त्याच्याबरोबर खाली या. खर्च कसा वाचवायचा ते वर लिहिलंय. बाकी माझ्याजवळ जे राहिलं ते असं.

सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकासमोर गाड्यांची रांग होती. ईरा मांडीवर डबा घेऊन बसली होती. रोज या जागी मी म्हणते, आज कुणीतरी भेटेल बघ, काही नाही होत. त्या दिवशी मी विचारलं, "दुपारची सुट्टी किती उभी आहे?"

तिनं मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. मग तिनं डावा हात कोपरापासून सरळ उभा धरला आणि उजव्या हाताचा पंजा त्याला आडवा लावला. मनगटाच्या वर, जवळजवळ बोटांच्या टोकाला.

मी तो हात नीट बघितला, जशी तळ्याच्या रेघेवर काठी बघितली होती.

"हे फार आहे," मी म्हटलं. "हे तू सात महिने एकटी करतेयस."

"हो," ती म्हणाली. 'येस' नाही, 'हो'. मग दार उघडून उतरली, दोन पावलं जाऊन वळली आणि खिडकीशी वाकली.

"उद्या पुन्हा विचार," ती म्हणाली.