आधी आवशीक

घरात पाऊल टाकलं की ती दोन्ही तळहात एकमेकांवर घासायची आणि स्वतःच्याच गालांना लावून बघायची. गार लागले तर पुन्हा घासायची. मग बाळाकडे ढुंकूनही न बघता विचारायची, "आवस जेवली?"

आवस म्हणजे आई, म्हणजे माझी लेक. पहिल्या बाळंतपणाला मुलुंडला माझ्याकडे आलेली. ही मालिशवाली मावशी भांडुपहून यायची, आमच्याआधी दोन बाळांना न्हाऊ घालून. बोलणं अर्धं मालवणचं, अर्धं इथलं. "आधी आवशीक, मग पोराक," हे तिचं पालुपद. अशी एखादी बाई तुमच्याही घरी येऊन गेली असेल. घरातल्या सगळ्यांना तू म्हणणारी.

मी त्रेपन्न वर्षांची. गाठीशी एकुलतं एक बाळंतपण, पण आव मात्र दाईचा. फ्रिजवर तक्ता लावला होता: किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूला, किती मिनिटं. तिसऱ्या दिवशी माझंच अक्षर मला लागेना, इतकी झोप डोळ्यांवर.

पाचव्या दिवशी बाळाचं वजन उतरलेलं भरलं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "सुरुवातीला थोडं उतरतंच. शनिवारी पुन्हा बघू. नाही वाढलं तर वरचं दूध द्यावं लागेल." लेकीला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की आपण नापास. तिला अंगावरच पाजायचं होतं. पण नातू तोंड लावायचा, सोडायचा, रडायचा. मग ती रडायची. मग मी मदतीला धावायची. मदत म्हणजे काय, तर बाळाचं डोकं मागून धरून छातीशी दाबायचं. तो पाठ ताठ करून मागे जायचा. मी आणखी दाबायची.

गुरुवारी मावशीने हे दारातून पाहिलं.

"सोड त्येका! तुझी मानगूट धरून कोणी ताटात दाबली तर जेवशील तू?"

"पण मावशी, तो घेतच नाही ना!"

"घेईल. तू बाहेर हो."

माझ्याच घरात मला बाहेर काढलं! मी दाराच्या फटीशी. तिने लेकीचे खांदे चोळून सैल केले, पाठीला उशी दिली, बाळाला तिच्या पोटाशी पोट लावून आडवं घेतलं. त्याच्या मानेखाली नुसता हात. आणि थांबली. तो नाक घासत राहिला.

"घाई नको गो चेडवा. वास येतो त्याला. तो शोधील."

जांभई द्यावी तसं त्याने तोंड उघडलं. रडणं थांबलं. थोड्या वेळाने घुटके ऐकू आले.

मावशी ओवा शोधत स्वयंपाकघरात आली आणि तांदळाच्या डब्यामागून तिने पावडरच्या दुधाचा डबा बाहेर काढला. मी चोरून आणलेला.

"डाक्टरीण बोलली?"

"नाही. असू दे म्हणून."

"ती बोलली तर दे. त्यात लाज कसली? पण तुझ्या भीतीपायी नको." माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जेवलीस?"

मला आठवेना. खरंच आठवेना.

"तू पण आवसच ना कोणाची," म्हणत तिने लेकीसाठी ठेवलेली पेज माझ्यापुढे केली आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोरून हलली नाही. त्रेपन्न वर्षांची बाई मी, पेजेत रडले. मीठ कमीच होतं, चालून गेलं.

शनिवारी वजन वाढलं. चिमूटभरच, पण लेक काट्याकडे बघून हसली. डबा दुकानदाराने परत घेतला नाही. आमच्या यांनी तो चहात घालून संपवला.

चाळिसाव्या दिवशी मावशीला साडी-नारळ दिला आणि म्हटलं, "आज जेवूनच जा." आमटी गरम करून वळले, तर ती भिंतीला टेकून झोपलेली. हात मांडीवर उताणे, तेलाने चकाकणारे. इतक्या दिवसांत मी तिला चहा दिला होता. जेवलीस का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

आत बाळ रडलं. डोळे न उघडताच तिचे तळहात एकमेकांवर घासू लागले.

मी तिचं ताट झाकून ठेवलं.

"नीज मावशी," मी हळूच म्हटलं, "त्याची आवस आहे आत."