कणगीमागची भिंत

तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "किती?" मी म्हटलं, "एक." त्यानं पुन्हा "एकच?" केलं तेव्हा मी चिडलो. एकट्या माणसानं जुनी घरं पाहू नयेत असा काही नियम आहे का? पण खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून, म्हणजे गेले सात महिने, हा आकडा सगळीकडेच सांगावा लागतो.

अकोला-अमरावती रस्त्यालगतच्या या संग्रहालयाच्या आवारात जुन्या इमारती जपून ठेवल्या आहेत. साहेबाचा बंगला, कापसाच्या जिनिंगची शेड, कौलारू शाळा आणि अगदी टोकाला शेतकऱ्याचं मातीचं घर. मला ते घरच पाहायचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या भिंती सारवायला दर्यापूरकडच्या बाया जीपनं नेल्या, त्यांत माझी बायको होती. परत आल्यावर महिनाभर तिचं एकच चाललं होतं, "मायं सारवण पाहाले चाला ना एक डाव."

"सारवण काय पाहाले जायचं? घरी काय कमी पाह्यलं?" मी म्हणायचो. मास्तरकीत आयुष्य गेलेलं, उत्तर जिभेवर तयारच असायचं.

ती डावखुरी होती. इतर बायांच्या बोटांचे फराटे एकीकडे झुकायचे, हिचे बरोबर उलटे. भिंत तिरळी दिसते म्हणून माझी आई करवादायची. आता आमच्या घरात टाइल्स आहेत, ऑइलपेंट आहे. तिच्या हाताचा माग कुठंच नाही.

मातीच्या घरात शिरलो. ओसरी पाहिली, माजघर पाहिलं. सगळे फराटे एकाच दिशेचे, ताजे.

"दर दोन सालानं सारवतो आमी," खुर्चीतला चौकीदार म्हणाला. "इकडलं झालं. मागची खोली उद्या."

मागच्या खोलीत गेलो. तिथल्या भिंती जुन्याच होत्या, पण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या. मी उशीर केला होता आणि त्यात दुसऱ्या कुणाचाही दोष नव्हता.

"काय शोधून राह्यले काका?" चौकीदार मागोमाग आला होता. मी सांगितलं. परक्या माणसाला इतकं कधी सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यात धान्याची कणगी होती, तुराट्यांची, आतून रिकामी. ती त्यानं एका हातानं बाजूला सरकवली. तिच्यामागं कुणाचा हात पोचला नव्हता. तिथं हातभर भिंत शाबूत होती आणि तिच्यावरचे फराटे उलटे होते.

मी रडलो. डोळ्यात कचरा गेला वगैरे नाही, रडलोच. 'पाहिलं बरं का,' असं जिला सांगायचं, ती हवी होती.

"उद्या बाया आल्या का हेही सारवतीन," चौकीदार हळूच म्हणाला.

नको कसं म्हणणार? न सारवलेल्या भिंतीला तिनंच नावं ठेवली असती. चौकीदारानं मान खाजवली, भिंतीकडे पाहिलं, मग कणगीकडे.

"बायायले सांगतो, कणगी लय जड हाय. हालत नाई."

मग ती रिकामी कणगी आम्ही दोघांनी मिळून, चांगला जोर लावून, पुन्हा भिंतीला टेकवली.