चावला तो साप वेगळा

माझी थोरली मावशी एकवीस वर्षं शहरातल्या मोठ्या बागेत माळीण होती. जीभ तिखट, आणि नजर अशी की वाफ्यातलं रोप कुणी दोन बोटं सरकवलं तरी तिला कळायचं. सापांचं तिला कौतुक वगैरे काही नव्हतं. रोज पाचोळ्यात हात घालायचा तर खाली काय असू शकतं ते ठाऊक हवं, इतकंच. सुरुवातीला दिसेल त्या सापावर ती फावडं घालायची. मग कॉलेजातले एक सर सापांच्या काती गोळा करायला बागेत येऊ लागले. त्यांच्या नादाने ती साप ओळखायला शिकली आणि मारणं तिने सोडून दिलं.

बागेत रोज एक निवृत्त गृहस्थ उलटं चालायचे. गुडघ्यांना बरं असतं म्हणे. सगळे त्यांना उलटे आजोबा म्हणत. मागचं दिसत नाही म्हणून त्यांचा जावई सोबत असे आणि डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, असं सांगत असे. त्या दिवशी सकाळी जावई फोनवर बोलत होता. आजोबा मागे मागे जात पायवाट सोडून थेट पाचोळ्याच्या ढिगात शिरले.

मावशी वीसेक पावलांवर कुंपण छाटत होती. तिने आधी आवाज ऐकला, कुकरची वाफ सुटावी तसा, लांबलचक. वळून बघते तो आजोबा खाली बसलेले, आणि पाचोळ्यात एक जाड, तपकिरी अंग सरकत होतं. पाठीवर साखळीसारखी गडद वर्तुळं, शेपूट आखूड. पापणी लवेपर्यंत ते दगडी गटाराच्या फटीत गेलं. घोणस. तिच्या मनात शंका उरली नाही.

पण तोवर आरडाओरडा झाला होता. माणसं धावली, त्यांच्या पावलांनी शेजारच्या झुडपातली एक धामण बिथरून बाहेर पडली. पुरुषभर लांबीची, बिनविषारी बिचारी. ती पायवाटेवरून सुसाट निघाली आणि तिथेच तिचं मरण ओढवलं. कुणी बूट फेकला, कुणी दगड. जावयाने गुलाबाचा बांबूचा टेकू उपटला आणि तिच्या कमरेवर घातला. ती अर्धी लुळी झाली, तरी पुढचं अंग ओढत होती. लोक मारतच होते.

मावशी मध्ये घुसली. ती धामण आहे, चावलेला साप हा नाही, तो गटारात आहे, असं ती सांगत होती. पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. बांबू खाली आला तो तिच्या डाव्या मनगटावर. ती कळवळून मागे सरली, तरी हात आडवा धरलेला होताच. जावयाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा त्याच हातावर मारला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

गर्दीतल्या एकाने मेलेली धामण नीट पाहिली आणि ही विषारी नसते म्हणून सांगितलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जावई आजोबांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेला. गर्दी पांगली. मावशी मोडका हात पोटाशी धरून उभी राहिली. त्या दवाखान्यात आता काय होणार, ते तिला स्पष्ट दिसत होतं: बिनविषारी साप, एक इंजेक्शन, घरी जा.

तिने उजव्या हाताने फावडं उचललं. गटारावरची फरशी टाचेने लोटली. घोणस आत वेटोळं घालून बसली होती. तिने फावड्याच्या पात्यावर असा डंख मारला की दांडा थरथरला. मावशीने घाव घातला. डोकं चिरडलं, तरी शरीर वळवळत होतं. तिने आणखी घातले, तीन की चार. नंतर कितीतरी दिवसांनी ती मला म्हणाली, "पहिला घाव सापाला होता. पुढचे कुणाला होते, ते मला माहीत आहे."

रंगाच्या रिकाम्या बादलीत ते धूड घालून ती दवाखान्यात पोचली. आजोबा बाकावर बसले होते. पोटरी सुजून तंग झाली होती, आणि रुमालात थुंकले तर लाल. तिने बादली डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच ठेवली.

"हा चावलाय. हिरड्या बघा त्यांच्या."

बाईंनी हिरड्या पाहिल्या आणि लगेच मोठ्या इस्पितळाची गाडी बोलावली. तिथे आजोबांचं रक्त नळीत घेऊन ठेवलं, वीस मिनिटं झाली तरी ते गोठलं नाही, पाण्यासारखंच राहिलं. विषावरची औषधं सुरू झाली. मूत्रपिंडं बंद पडली, पायाचं मांस कापावं लागलं, तेरा दिवस ते आत होते. पण वाचले.

मावशीने हाताला प्लास्टर घालून घेतलं आणि तिथून थेट पोलीस चौकीत गेली. चार दिवसांनी तिच्याच कचेरीतून तिला नोटीस आली: बागेतला वन्यजीव ठार का केला, खुलासा द्यावा. धामणीबद्दल कुणालाच नोटीस नव्हती. ती वाचून मावशी इतकी हसली की प्लास्टरातला हात दुखायला लागला. खुलासा मात्र तिने दिला, दोन ओळींचा, आणि मारल्याचं कबूल केलं.

मग एका दुपारी जावई आमच्या घरी आला. तो उंबऱ्यातच उभा राहिला. सासऱ्यांकडे आपलं लक्ष नव्हतं, त्या धास्तीने डोकं फिरलं, असं तो खाली मान घालून सांगत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, माझा तोल गेला हो. तक्रार मागे घ्या."

मावशीने त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. आजोबांची चौकशी केली. मग म्हणाली, "तोल पहिल्या फटक्याला गेला. दुसरा तू बघून मारलास."

तो पाणी न पिताच उठला.

तक्रार तिने मागे घेतली नाही. खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला ती धुतलेली साडी नेसून वेळेआधी हजर असते. डाव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे मोठी कात्री तिला धरता येत नाही. कचेरीने तिला रोपवाटिकेत बसवलंय, पिशव्यांत माती भरायला. ते काम तिला मुळीच आवडत नाही, आणि ती ते दिवसभर बोलून दाखवते.