फ्लॉपी फिरताना

इंदिरानगरात एका जिन्याखालच्या खोलीत जुने फ्लॉपी ड्राइव्ह चालू करून देणारे एक गृहस्थ बसत. नाव मी विचारलंच नाही; बोलण्यात कानडी मिसळलेलं. बाबा गेल्यावर कपाटात सापडलेली फ्लॉपी मी पुढे केली, तर त्यांनी ती बाजूला ठेवली. नव्या छोट्या बोर्डाने आपल्याकडचा एक जुना ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला, वीज दिली आणि त्यावर तळहात ठेवून तो नुसताच फिरू दिला.

“स्वल्प थांबा, अक्का. इतक्या वर्षांनी जागा झालाय. लगेच काम सांगू नये.”

मग फ्लॉपी आत गेली. खर्र, खट, खर्र. लहानपणी बंद दाराआड बाबा असल्याची हीच खूण होती.

“फाइली दिसल्या. उघडू?”

माझे डोळे मिटलेलेच होते.

“स्वल्प थांबा, अण्णा. फिरू दे अजून.”