तारेवरचे बूट आणि रंभामावशी

…हां, तर बूट वर गेले आणि अख्खी गल्ली हसली, इथवर आपण काल आलो होतो. आता हसली म्हणजे कशी? धुळवडीचा दिवस, तोंडं हिरवी-जांभळी, कोण कुठलं ते कळायची सोय नाही. पण रंभामावशीनं एकेक हसणं ओळखलं आणि मनात नीट घडी घालून ठेवलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो. वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला बैठ्या चाळींची एक गल्ली आहे, तिथं ही मावशी राहते, मुलगी रचनासोबत. कामाला औषधांच्या कंपनीत, पॅकिंगला. दिवसभर उभं राहून टाचांची नुसती आग व्हायची. डॉक्टर म्हणाले, बूट घाला. बाई तडक ठाण्याच्या बाजारात गेली. दुकानदारानं विचारलं, "नातवासाठी का, आजी?" ही म्हणाली, "नातू नाही नि नात नाही. हे पाय दिसत नाहीत का?" पांढरे बूट घेतले, निळ्या नाड्यांचे. साडीखाली ते घालून ती पहिल्यांदा गल्लीतून निघाली तेव्हा अशी चालली, की गल्ली तिच्याच नावावर झालीय!

समोरच्या घरात साईनाथ, केबलवाला. मावशीच्या ओट्यावर खेळून मोठा झालेला. त्याला ती चाल बघवेना. "मावशी, ऑलिंपिकला कधी निघालीस?" असं रोज चाललेलं. आणि धुळवडीला त्यानं तिच्या दारातले बूट उचलले, दोन्ही नाड्यांची करकचून गाठ मारली, गरगर फिरवले आणि दिले भिरकावून. बसले जाऊन त्याच्याच केबलच्या वायरवर, त्याच्याच दारासमोर.

रचना काठी घेऊन निघाली तर मावशीनं तिचा हात धरला. "ज्यानं टांगले तोच काढील."

"मग दुसरे आणू या. पाय दुखतात ना तुझे?"

"दुखू देत," मावशी म्हणाली. "दुखले की आठवण राहते."

आणि परत चपला घालून कामावर जायला लागली.

आता तारेवर बूट लोंबताना दिसले की येणारा-जाणारा विचारणारच, हे काय? साईनाथ ऐटीत सांगायचा, "दृष्ट लागू नये म्हणून मीच टांगलेत. ट्रकला मागं टांगतात ना, तसं." मावशी ओट्यावर मेथी निवडत असायची, मान वर न करता म्हणायची, "दृष्ट लागायला आधी बघण्यासारखं काहीतरी असावं लागतं."

इथून तिचा उद्योग सुरू झाला, बरं का! जो विचारील त्याला नवा अर्थ. पार्सलवाल्याला सांगितलं, "त्या घरातला माणूस हरवलाय. बूट सापडले, अक्कल सापडायचीय." भाजीवाल्याला सांगितलं, "तिथं भावावरून फार घासाघीस केली की विकणाऱ्याचे बूट असे वर जातात." भाजीवाला त्या दाराशी गाडी थांबवीनासा झाला, आणि साईनाथची बायको तुळसा पिशवी घेऊन नाक्यापर्यंत जायला लागली.

मग कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर कुठंतरी बघितलं, की परदेशात असे बूट टांगलेले असले की समजायचं, इथं नशेचा माल मिळतो. मासळीवाली सगुणा टोपली घेऊन थेट मावशीकडं. "काय गं, खरं का हे?"

मावशी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आवाज तेवढा खाली आणला. "आपण कशाला कुणाचं नाव घ्यावं, सगुणा?"

झालं! सगुणाची टोपली रिकामी व्हायच्या आत ती बातमी चार गल्ल्यांत पोचली. दुसऱ्या दिवशी पोलीस साईनाथच्या दारात. केबलचे सगळे खोके उघडायला लावले, गादीसुद्धा उलटीपालटी केली. निघालं काय? जुन्या वायरी आणि तुळसानं लपवलेले काजू.

रचना चिडली. "आई, हे जास्त झालं."

"जास्त? तो हसत होता तेव्हा मोजलं होतंस?"

पावसाळा गेला, बूट काळे पडले, कबुतरं येऊन बसायला लागली. तेवढ्यात महापालिकेची निवडणूक लागली आणि साईनाथला तिकिटाची स्वप्नं पडू लागली. रविवारी सकाळी पक्षाचे साहेब घरी चहाला येणार म्हणून निरोप आला. आता दारासमोर असले बूट कसे चालतील? त्यानं मेव्हण्याला बांबू देऊन पाठवलं. मावशी आडवी उभी राहिली.

"हात लावशील तर चोरीची तक्रार देईन. बूट माझे, टांगले त्यानं. तू मध्ये कोण?"

साईनाथ स्वतः आला, हात जोडून. "मावशी, सोड ना आता. मस्करी केलेली गं."

"मग चढ. मस्करीतच काढ."

दुसरा इलाज नव्हता. रविवारी कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घातलेला साईनाथ पोट सावरत शिडीवर चढला. खाली सगळी गल्ली जमली. बूट ओढले तशी त्यातली धूळ आणि कबुतरांची घाण भसकन झब्ब्यावर! आधी सगुणा हसली, मग पोरं, मग सगळीच. या खेपेला तोंडांना रंग नव्हता. कोण कोण हसतंय ते वरून साईनाथला स्वच्छ दिसत होतं.

तो उतरला. नाक्यावर साहेबांची गाडी वळताना दिसत होती. घाईघाईनं त्यानं बूट ओट्यावर आणून ठेवले. "घे, मावशी. झालं समाधान? आता घाल पायात आणि विषय मिटव."

मावशीनं बुटांकडं बघितलं. ती धुळवडीची गाठ उन्हापावसानं सुपारीसारखी टणक झाली होती. तिनं पदर सावरला, ओट्यावर आरामात बसली आणि भेगाळलेले दोन्ही पाय त्याच्यापुढं लांब केले.

"घालू कशी रे? गाठ तुझ्या हातची आहे. बस खाली आणि सोड. नखांनी सुटली नाही तर दातांनी सोड. येऊ देत तुझे साहेब, मला काही घाई नाही."