गोष्ट तयार, शीर्षक नाही

"वहिनी बोलत नाहीत, हे एक बरं आहे. गोष्ट वाचताना मध्ये कुणी बोलायला नको."

बाहेरच्या खोलीत दत्तोपंत कंपाउंडर म्हणाले. मी पडद्याआड कपबश्या मांडत होते. त्यावर आमचे हेही हसले, म्हणून जास्त लक्षात राहिलं.

लग्न होऊन लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. न बोलणाऱ्या माणसाजवळ किस्से फार साठतात. बोलणारा ते वाटून मोकळा होतो. माझ्याकडून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून लिहून ठेवते.

हे स्टेशनात तारमास्तर. बारा तास ड्यूटी, आणि घरी आले की कागद. दर रविवारी तिघे मित्र जमत: दत्तोपंत, शाळेतले पराडकर मास्तर आणि राणे गार्ड. यांनी एक शास्त्रीय गोष्ट लिहिली होती. एक तरुण यानात बसून दूरच्या ताऱ्याकडे जातो. वेग इतका, की त्याच्या घड्याळात सहा महिने जातात आणि इकडे पृथ्वीवर साठ वर्षं. परत येऊन तो आपलं दार वाजवतो. एक म्हातारी दार उघडते. तो विचारतो, "आजी, इथं माझी बायको राहायची. नुकतंच लग्न झालं होतं आमचं. कुठं गेली?" इथं गोष्ट संपते.

गोष्ट सर्वांना पसंत होती. अडलं होतं ते शीर्षकाशी.

* * *

पहिलं शीर्षक मास्तरांचं: 'व्योमगामी नरवीराचे षष्टिवर्षोत्तर प्रत्यागमन'. मास्तरांनी ते उभं राहून म्हणून दाखवलं. यांना तारेची सवय. एवढ्या अक्षरांत नातेवाइकाच्या आजारपणाची सगळी हकिगत बसते, असं म्हणाले. पण मास्तरांचं मन मोडवेना, म्हणून तसंच पाठवलं.

महिन्याभरानं मासिकाच्या संपादकांचं कार्ड आलं. "शीर्षकातच नायक परत आला. आम्ही पुढे वाचले नाही."

* * *

दत्तोपंतांचं म्हणणं, शीर्षक बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं असावं. आत काय आहे ते एका शब्दात. त्यांनी 'अतिवेग' सुचवलं आणि दवाखान्यात त्याची परीक्षाही घेतली. टाकव्याचे एक आबा बाकावर बसले होते. त्यांना विचारलं, अतिवेग म्हटलं की काय वाटतं?

आबा म्हणाले, "व्हय की, तीन दिस झालं. पानीसुदिक ठरत न्हाई पोटात."

दत्तोपंतांनी हे स्वतःच सांगितलं. पडद्यामागं मी पदर तोंडात धरला. इतकी हसले मी त्या घरात पहिल्यांदाच. आणि कुणाला कळलं नाही.

* * *

राणे गार्ड कमी बोलत. पण बोलले की आपल्या गाडीतूनच. शीर्षक म्हणजे शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा, असं त्यांचं मत. तो दिसला म्हणजे गाडी पुरी आली असं समजायचं. पुढं लावला तर काय उपयोग?

तिघांना ते इतकं पटलं, की गोष्ट खरोखरच तशी पाठवली. पहिल्या पानावर सरळ गोष्ट आणि शीर्षक शेवटच्या ओळीखाली.

संपादकांचं कार्ड: "पहिले पान गहाळ दिसते. शोधून पाठवावे."

* * *

दिवसभरात माझ्याशी बोलायचं एकच माणूस, औंढ्याची मंजुळामावशी. दूध घालायला यायची. पावसाळ्यात धुकं पार दारापर्यंत यायचं. समोरचं क्वार्टर दिसायचं नाही, की कुणाचा आवाज यायचा नाही. घाटात वर येणारी गाडीसुद्धा नुसती ऐकू यायची. अशा एका सकाळी मावशीला थांबवून घ्यावं म्हणून मी तिला यांची गोष्ट सांगितली. सगळी. यान, तारा, वेग.

मावशीला वेगाचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "मंग ती कारभारीण काय करीत व्हती साठ वर्सं?"

म्हटलं, ते गोष्टीत नाही.

"न्हाई?" मावशीनं चरवी उचलली. "लय दिस व्हत्यात गं, साठ वर्सं."

ती गेल्यावर मी दारातच बसून राहिले. दूध उतू गेलं.

* * *

आणि तो शेवटचा रविवार. पान गहाळ नाही, शीर्षक अजून ठरतंय, असं यांनी कळवल्यावर तिसरं कार्ड आलं होतं. गोष्ट पसंत आहे, पण अंक छापायला निघतोय, बुधवारपर्यंत शीर्षक आलं तर ठीक, नाहीतर गोष्ट साभार परत, आणि पुन्हा पाठवू नये. यांनी कार्ड वाचून दाखवलं. म्हणाले, परत आली तर लिहिणं सोडून देणार. आवाज साधाच होता. पण हात कागदांच्या कडा उगाच सारख्या करत होते. नोकरीला लागल्यापासून त्यांनी फक्त ड्यूटी केली आणि हे लिहिणं.

मग सगळेच घाईनं सुचवू लागले. 'ताऱ्यांचा प्रवासी'. 'प्रकाशाच्या मागे'. 'यान क्रमांक एक'. प्रत्येक शीर्षकात तो निघालेला, तो चाललेला, तो पोचलेला. हे एकेक लिहीत होते आणि खोडत होते. शेवटी कुणालाच काही सुचेना.

मी चहा घेऊन बाहेर आले. ट्रे ठेवला. एरवी ठेवून आत जायची, त्या दिवशी उभी राहिले. राणे सरकून बसले. त्यांना वाटलं, मला वाट हवी आहे.

"मी सांगू?" म्हटलं.

चौघांनी वर पाहिलं. दत्तोपंतांची बशी ओठांपाशीच राहिली. यांनी टाक उचलला, बहुधा सवयीनं.

"लिहा," मी म्हटलं. "'घरी कोण होतं?'"